एकुलती प्रत म्हणजे संग्रह नव्हे

नंदगडला १८३१ साली फाशी गेलेल्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. आपल्याला ती सबब नाही; पण काढलेले चित्र टिकतेच असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कित्येक जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. सरकारी संग्रहाची ही गत, तर खानापूरच्या पावसात ओल धरणाऱ्या ट्रंकेतल्या अल्बमची काय कथा? ‘फोटो क्लाउडवर आहेत की!’ असे कुणी म्हणेल. पण सिंक चालू असेल तर फोनवर पुसलेला फोटो बहुधा तिथूनही जातो. म्हणून तीन प्रती हव्यात, दोन निराळ्या साधनांवर, त्यांतली एक गावाबाहेर. बेळगावच्या नातेवाइकाच्या कपाटातली हार्ड डिस्कही चालेल. फक्त वर्षाकाठी एकदा ती जोडून, फोटो उघडतात का ते पाहा.