पानथरीतले जागले

डाव्या बरगड्यांच्या आड मुठीएवढा, साधारण दीडशे ग्रॅम वजनाचा एक अवयव असतो: प्लीहा. जुनी माणसं त्याला पानथरी म्हणतात. एरवी तिची आठवण कुणाला होत नाही. पण सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात ज्या घरी सिकलसेलचं मूल आहे, त्या घराला पानथरी माहीत असायलाच हवी.

न्यूमोकोकससारखे जिवाणू साखरेच्या साखळ्यांचं कवच पांघरून येतात, त्यामुळे भक्षक पेशींच्या हाती लागत नाहीत. शरीरातल्या बहुतेक बी पेशींना पुरतं कामाला लागण्यासाठी टी पेशींचा होकार लागतो, आणि टी पेशी ओळखतात मुख्यतः प्रथिनं. साखरेपुढे त्यांचं चालत नाही. पानथरीच्या पांढऱ्या गराच्या काठाला मात्र, जिथे रक्ताचा वेग मंदावतो तिथेच, काही खास बी पेशी ठाण मांडून असतात. गावाच्या वेशीवरचे जागलेच ते. साखरेचं कवच दिसलं की कुणाची वाट न पाहता त्या आयजीएम प्रतिपिंडं सोडू लागतात. प्रतिपिंड चिकटलं की जिवाणू गिळला जातो.

ही वेस मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नीट उभी राहत नाही. म्हणूनच नुसत्या साखरेची जुनी लस तान्ह्यांना लागू पडत नसे. आताच्या लशीत साखर प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे टी पेशीही मदतीला येतात. २०२१ पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर.

सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी पानथरीच्या अरुंद वाटांत अडकतात आणि ती हळूहळू निकामी होते. आपल्याकडे अनेक मुलांची पानथरी वर्षानुवर्षं मोठी राहते, पोटाला हात लावला तर लागते. मोठी आहे म्हणजे कामाची आहे, असं मात्र मुळीच समजू नये.

१९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिनची गोळी दिली. न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक इतका ठळक होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली. असं साधं, स्वस्त औषध डॉक्टरांना विचारून घ्या आणि मध्येच सोडू नका.

आणि अशा मुलाला १०१च्या वर ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, रुग्णालय गाठा, आणि दारातच सांगा: पोराला सिकलसेल आहे.