मॉनिटरचे रंग कितपत खरे?

मॉनिटरच्या खोक्यावर '९९ टक्के अडोबी आरजीबी' असं ठळक छापलेलं असतं. तो मॉनिटर रंगांचा केवढा पल्ला दाखवू शकतो, एवढंच त्यातून कळतं. रंग बरोबर दाखवतो की नाही, हे कळत नाही. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेला एसआरजीबी हा पल्ला वेबवर आजही चालतो. १९९८ च्या अडोबी आरजीबीमध्ये हिरवे आणि निळसर-हिरवे रंग बरेच जास्त मावतात. त्यातले काही छपाईत उतरतात, म्हणून छपाईसाठी काम करणाऱ्यांना तो हवा असतो.

पण मोठा पल्ला त्रासही देतो. ज्या सॉफ्टवेअरला रंगप्रोफाइल, म्हणजे रंगांच्या पल्ल्याची नोंद, कळत नाही, त्यात साधा एसआरजीबी फोटो भडक दिसतो. गोरा चेहरा उन्हात करपल्यासारखा लाल होतो. दोष फोटोचा नसतो.

मॉनिटर रंग बरोबर दाखवतो की नाही, हे तपासायला रंग मोजणारा कलरीमीटर लागतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग कलरीमीटर पडद्यावर टेकवायचा. तो एकेक रंग मोजतो आणि सोबतचं सॉफ्टवेअर प्रोफाइल बनवतं. पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० ते १२० निट्स ही नेहमीची मापं. छापील कागदाशी जुळवायचं असेल, तर काहीजण ५००० केल्विन धरतात. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पॅनेलचा बॅकलाइट प्रकार न चुकता निवडावा, नाहीतर मोजणीच फसते. शेवटी डेल्टा-ई, म्हणजे रंगातल्या चुकीचं माप, पाहावा: सरासरी २ च्या आत असेल तर उत्तम, पण सर्वांत मोठी चूक कितीची आहे तेही बघा.

पैसे मोजकेच असतील, तर एसआरजीबीचा चांगला मॉनिटर आणि कलरीमीटर घ्या. कलरीमीटरशिवाय महागडा मॉनिटर घेऊ नका.