मालकाच्या मनातले कारागिराला कसे कळावे?

वसई ते विरार या पट्ट्यात वालीव, सातिवली, गोखिवरे, नालासोपारा येथील गाळ्यांतून आपले कितीतरी बांधव लहानमोठे कारखाने चालवितात. बहुतेक मालक स्वतः कधीकाळी कारागीर होते. उस्तादाच्या हाताखाली काम शिकले आणि हिमतीवर चार मशिनी टाकल्या. गाळ्यात दोन-तीन माणसे असतात तोवर सर्व ठीक चालते. माणसे पंधरा-वीस झाली की कुरबुरी सुरू होतात. माल परत येतो, उचलीवरून वाद होतो, चांगला कारागीर शेजारच्या गाळ्यात निघून जातो. मालक म्हणतो, "याला एवढेही कळू नये?" कारागीर म्हणतो, "शेठ कधी बोललेच नाहीत." बहुधा दोघेही खरेच बोलत असतात.

आपल्याला काय हवे आहे हे हाताखालच्या माणसांना स्पष्ट सांगावे लागते, ही गोष्ट या भूमीला नवीन नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या अपेक्षा दगडावर कोरून राज्यभर मांडल्या, त्यात प्राचीन बंदर सोपारा हेही होते. येथील आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे मिळाला. नवव्या लेखाचा आशय असा की, लग्न, आजारपण, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे हाच खरा विधी. आठव्या लेखात राजाने स्वतःचा बदल सांगितला आहे. पूर्वीचे राजे शिकारीला जात, आपण मात्र लोकांच्या भेटीला जातो.

यातून व्यापाऱ्याने घेण्यासारखे पुष्कळ आहे. लेखांची भाषा लोकांच्या बोलीजवळची प्राकृत होती. कलिंगातील लेखांत तर अधिकाऱ्यांना हे ठरावीक दिवशी वाचून दाखवावे अशी आज्ञा आहे. म्हणजे समजेल अशा बोलीत सांगणे, पुन्हा पुन्हा सांगणे आणि स्वतःच्या वागण्याने दाखविणे, या तिन्ही गोष्टी तेथे आहेत.

आता आपल्या गाळ्याकडे पाहू. "काम चांगले करा" या वाक्याने कारागिराला काहीच कळत नाही. इंचाला किती टाके हवेत, सुटा धागा चालेल की नाही, तपासल्याशिवाय नग पॅक करायचा की नाही, हे सांगितले तर कळते. मजुरी नगावर की रोजावर, उचल किती आणि ती कशी कापणार, खराब झालेल्या नगाचा भुर्दंड कोणावर, हे काम सुरू होण्याआधीच ठरावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच, ती मजुरीलाही लावावी. मजुरी संहिता २०१९ नुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावयाचा असतो. अपेक्षा दोन्ही बाजूंनी असतात, हे मालकाने विसरू नये.

याहून अवघड गोष्ट मूल्यांची. समजा ईद तोंडावर आली आहे, उद्या माल पोचवायचा आहे आणि रात्री दहा वाजता पन्नास नगांची शिलाई वाकडी निघाली. मालक गाळ्यात नाही. कारागिराने माल तसाच भरावा की उसवून पुन्हा शिवावा? तुमच्या गाळ्यात वेळ मोठी की दर्जा मोठा, हे त्याला आधीच ठाऊक असेल तरच तो बरोबर वागेल. आणि वाकडा माल थांबविल्याबद्दल दुसऱ्या दिवशी शिव्या खाव्या लागल्या, तर पुढच्या वेळी तो थांबविणार नाही.

मुले मालकाच्या बोलण्यापेक्षा वागण्यावरून शिकतात. कापड अजून कापलेलेही नाही आणि शेठ फोनवर "माल निघाला" म्हणतात, हे मशिनीवर बसलेला मुलगा ऐकत असतो. तो उद्या तुमच्याशीही तसेच बोलेल.

मोठ्या कंपन्यांनाही हेच करावे लागते. महंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ साली ते वारले, तेव्हा २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला. त्याच कंपनीची विप्रो झाली. २००६ साली तिने आपली मूल्ये मोजक्या वाक्यांत नव्याने मांडली. त्यांतील एक होते अढळ सचोटी. एवढ्या पसाऱ्यातही मूल्ये मोजक्या वाक्यांत मावतात, तर वीस माणसांच्या गाळ्याला पाच ओळी पुरेत.

येत्या पगाराच्या दिवशी अर्धा तास मशिनी बंद ठेवा. येथे काय चालेल, काय मुळीच चालणार नाही आणि मालक स्वतः काय पाळील, हे पाच ओळींत लिहून मराठीत, हिंदीत, जी बोली गाळ्यात चालते तीत वाचून दाखवा. मग जुन्या कारागिराला विचारा, "यात काय राहिले?" त्याचे उत्तर शांतपणे ऐका. राहिलेली ओळ बहुधा मालकाच्याच वागणुकीची असेल, आणि तीच आधी लिहावी.