रक्ताचा एक ठिपका आणि दहा वर्षं

दहा वर्षांपूर्वी मुंबईत घोड्याच्या हालांची चर्चा व्हायची ती कुलाब्याच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांवरून. जून २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निव्वळ मौजेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या. २०२१मध्ये विजेवर चालणारी व्हिक्टोरिया रस्त्यावर आली. घोड्याचे हाल थांबवायचे तर घोडाच काढून टाका, ही झाली एक रीत.

खेळातही तेच झालं, आणि त्याची सुरुवात त्याच वर्षी. टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये जर्मनीच्या खेळाडूला सेंट बॉय नावाचा अनोळखी घोडा मिळाला. ओळख करून घ्यायला मोजून वीस मिनिटं. घोडा अडला, ती रडली, तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला बुक्की मारली. पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच बाद झाली. दोष घोड्याचा नव्हता, स्वाराचाही पुरता नव्हता. वीस मिनिटांचा होता.

घोडा ठेवायचा आणि नियम पाळायचे, ही दुसरी रीत अवघड. ती दिसली २०२३मध्ये हांगझोऊला. आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारातलं, सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं १९८२नंतरचं पहिलं. संघात मुंबईचा हृदय छेडा होता. वैयक्तिक अंतिम फेरीआधीच्या टप्प्यात तो पहिला आला होता. अंतिम फेरीत त्याच्या एमराल्ड या घोड्याच्या पायावर रक्त दिसलं आणि तो बाद झाला. जखम केवढी, चूक कुणाची, हे नियम विचारतच नाही. पदक हातातोंडाशी आलेलं असतानाही नाही. संघातल्याच अनुष अगरवालाच्या वैयक्तिक कांस्यपदकाच्या आनंदात आपण ही गोष्ट विसरलो. मला मात्र त्या स्पर्धेतली सर्वांत मोलाची घटना तीच वाटते.

स्वाराकडेही या काळात लक्ष गेलं. ड्रेसाजमध्ये उंच टोपी घालून मिरवण्याची जुनी ऐट होती. २०२१पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हेल्मेट सक्तीचं झालं. आणि घोड्यासाठी २०२५मध्ये नाकावरचा पट्टा किती आवळलाय हे मोजायचं साधन आलं. तोवर पंचाची बोटंच माप होती, आणि बोटं काही सगळ्यांची सारखी नसतात!

तरी हे सगळं मैदानापुरतं. २०२४मध्ये ऑलिंपिक विजेत्या शार्लट दुजार्डिनला पॅरिसमधून माघार घ्यावी लागली. ज्या चित्रफितीत ती चाबूक मारताना दिसली, ती स्पर्धेतली नव्हती. शिकवणीतली होती, काही वर्षांपूर्वीची. तबेल्यात पंच नसतो.

आणि रस्त्यावर तर नाहीच. महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांवर मुलं घोडेस्वारी शिकतात. तिथे डोक्यावर हेल्मेट असतं, शिकवणारा समोर उभा असतो. इकडे भिवंडीत घोडा भेटतो तो लग्नसराईत. पायाखाली डांबर, कानाशी डीजे, पुढ्यात फटाके. वर बसलेला नवरदेव बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर चढलेला, डोक्याला फेटा. लगाम धरणाऱ्या पोऱ्याच्या डोक्याला तर काहीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६०चा कायदा इथेही लागू आहे. पण घोडा लंगडायला लागला तर वरात थांबवणार कोण? पशुवैद्य नसतो. बँडवाल्याला पुढच्या वरातीची घाई असते, आणि घोडेवाल्यालाही.