शिक्का सरकारचा, नाव डॉक्टरांचे : व्हिक्टोरियन काळातील ‘पेटंट’ औषधे

‘पेटंट औषध’ हा शब्द आपल्या व्यवसायात इतका रुळला आहे की त्याच्या मूळ अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फार्मसीत शास्त्रोक्त औषधांचे कपाट वेगळे आणि पेटंटचे वेगळे असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातही ‘पेटंट अथवा प्रोप्रायटरी’ आयुर्वेदीय औषधाची स्वतंत्र व्याख्या आहे : घटकद्रव्ये ग्रंथोक्त, परंतु योग मात्र ग्रंथात न आलेला. वस्तुतः पेटंट म्हणजे राजाने दिलेली सनद. ती हवी असेल तर कृती उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांना खुली होते. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘पेटंट’ म्हणून खपणाऱ्या बहुतेक औषधांना अशी सनद नव्हतीच. त्यांच्या मालकांचे खरे भांडवल म्हणजे गुप्तता आणि नाव, आणि सनद घ्यायची तर त्यातील गुप्ततेवर पाणी सोडावे लागले असते.

सनद नसली तरी बाटलीवर सरकारी तिकीट असे. १७८३ मध्ये इंग्लंडने अशा औषधांवर मुद्रांकशुल्क बसविले. एक शिलिंगाच्या औषधावर दीड पेनी, अडीच शिलिंगाच्या औषधावर तीन पेन्स, अशी चढती श्रेणी होती. त्या काळच्या जाहिरातींत ‘एक शिलिंग दीड पेनी’ ही विचित्र वाटणारी किंमत सतत दिसते, तिचे कारण हेच. हा निव्वळ कर होता. तरीही औषधाच्या वेष्टनावर शासनाची मुद्रा पाहून सामान्य माणूस तिचा अर्थ ‘सरकारमान्य’ असा करी, आणि विक्रेते तो समज दूर करण्याच्या फंदात पडत नसत. इतकेच नव्हे, ‘सरकारी तिकिटावर आमचे नाव असल्याखेरीज माल अस्सल समजू नये’ अशा अर्थाची सूचना ते जाहिरातीत छापीत.

अशी सूचना छापणाऱ्यांत क्लोरोडाइनचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. या औषधाचा जनक डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा कोणी भोंदू नव्हता. तो रीतसर पदवी घेतलेला लष्करी शल्यचिकित्सक होता, आणि हिंदुस्थानात असताना १८४८ च्या सुमारास विसूचिकेवर त्याने हा योग बनविला असे सांगितले जाते. १८५६ मध्ये लष्कर सोडून त्याने लंडनच्या डेव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याला निर्मितीचे व विक्रीचे हक्क दिले. त्या दिवसापासून डॉक्टरांचे नाव हेच मालाचे चिन्ह झाले. ‘लष्करी वैद्यकीय सेवेतील माजी अधिकारी’ हे बिरुद जाहिरातीत नावासोबत येऊ लागले.

यथावकाश नकला निघाल्या. फ्रीमन नावाच्या विक्रेत्याने आपणच मूळ संशोधक असल्याचा दावा केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८६४ मध्ये व्हाइस चॅन्सेलर पेज वुड यांनी ब्राउन हाच निःसंशय जनक असल्याचे आणि फ्रीमनची कहाणी जाणूनबुजून रचलेली असल्याचे म्हटले. फ्रीमनचे क्लोरोडाइन त्यानंतरही बाजारात राहिले. ब्राउनच्या बाजूने मात्र न्यायाधीशांचे ते उद्गार पुढे कित्येक दशके जाहिरातीत, वर्तमानपत्राच्या तारखेसह, छापले जात राहिले. त्यांच्या जोडीला दुसरा मजकूर असे : मनिला येथील ब्रिटिश वकिलाने पटकीवर केवळ क्लोरोडाइनच उपयोगी पडल्याचे कळविले असून परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांनी ते वृत्त वैद्यांच्या महाविद्यालयाकडे पाठविले आहे. न्यायालय, मंत्री, वकील आणि सरकारी तिकीट असे चारही साक्षीदार हजर झाले. बाटलीत काय आहे, एवढे मात्र कोणी सांगितले नाही.

तीत मुख्यत्वे अहिफेनाचे सत्त्व, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क होता. ही द्रव्ये आपल्याला परकी नाहीत. अहिफेनाचे स्तंभन, वेदनास्थापन आणि निद्राजनन आपण जाणतोच, कर्पूररसासारखे योग आपल्या ग्रंथांत आहेत. म्हणून क्लोरोडाइनने ‘गुण येत नसे’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलाब थांबत, शूल शमे, रुग्ण झोपे, आणि घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकीत. तथापि आमातिसारात आरंभीच संग्राही औषध देऊ नये असे चरकाचार्य का सांगतात, हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पटकीत प्राण जातो तो द्रवक्षयाने. वेग रोखले म्हणून गेलेला द्रव परत येत नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांना व्यसन जडे ते वेगळेच. हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांच्या औषधपेटीत ही बाटली हमखास असे, आणि तिच्यातले थेंब कोणाला किती द्यायचे हे ठरवायला वैद्य जवळ नसे. माझ्या मते खरा दोष येथे आहे. प्रभावी द्रव्य गुप्त ठेवून, मोठ्या नावाच्या भरवशावर, अवस्था न पाहता वापरण्यास दिले गेले.

इतरांची कथा याहून साधी आहे. थॉमस हॉलोवे याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, परंतु १८३७ पासून विकलेल्या गोळ्या व मलमावर त्याने अफाट संपत्ती मिळविली. तिच्यातून उभे राहिलेले स्त्रियांचे महाविद्यालय १८८६ मध्ये खुद्द राणीच्या हस्ते उघडले गेले. ‘एका डबीचे मोल एक गिनी’ असे मिरविणाऱ्या बीचम गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण होता. कार्बोलिक स्मोक बॉल या कंपनीने तर उपकरण वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास १०० पौंड देण्याचे छापील वचन दिले. श्रीमती कार्लिल यांना तो झाला, कंपनीने हात वर केले, आणि डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने तिला पैसे द्यायला लावले. वकिलीचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीही तो वाचावा.

१८५८ च्या वैद्यकीय कायद्याने तेथे नोंदणीकृत डॉक्टर आणि इतर असा भेद केला. सभ्य डॉक्टराने दारावर पितळी पाटी लावावी, त्यापुढे जाऊ नये, असा संकेत होता. मात्र पुस्तके आणि वर्तमानपत्रांना पत्रे या वाटा मोकळ्या होत्या, आणि औषधांच्या प्रशस्तिपत्रांखाली डॉक्टरांच्या सह्या विपुल आढळतात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांचे पृथक्करण पुस्तकरूपाने छापले, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी त्याची जाहिरात घेण्यास नकार दिला. औषधांच्या जाहिरातींवर त्यांचे उत्पन्न अवलंबून होते, हे वेगळे सांगायला नको. संसदेच्या समितीचा कडक अहवाल ४ ऑगस्ट १९१४ चा. त्याच दिवशी इंग्लंड महायुद्धात उतरले आणि अहवाल बासनात गेला. घटकद्रव्ये उघड करण्याचे बंधन आले ते १९४१ मध्ये.

हे सारे इंग्रजांचे पाप म्हणून हात झटकता येणार नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दशप्राणायतनीय अध्याय पुन्हा उघडून पाहावा. त्यातील रोगाभिसर वैद्य वैद्याचा वेष घालून रस्त्यांतून हिंडतो, कोणी आजारी असल्याचे कानावर येताच तेथे धाव घेतो, रुग्णाला ऐकू जाईल अशा बेताने आपले गुण गातो, उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष मोजतो, आणि रुग्ण दगावला तर खापर रुग्णाच्याच माथी फोडतो. आत्मप्रशंसेचे इतके तपशीलवार निदान व्हिक्टोरियन लेखकांतही क्वचितच सापडेल.

आपल्याकडे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात ५४ रोग व अवस्था आल्या, आणि कलम १४ ने नोंदणीकृत चिकित्सकाच्या जागेतील पाटीला मुभा दिली. पितळी पाटीच ती! आयुर्वेदीय औषधाच्या लेबलवर घटकद्रव्ये प्रमाणासह देण्याचे बंधनही नियम १६१ ने घातले आहे. म्हणजे ब्राउनने लपविले ते आज लपविता येत नाही. उरते ते नाव. मध्यंतरी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी माझे छायाचित्र आणि चार ओळींचा अभिप्राय मागायला आला होता. योगातील प्रत्येक द्रव्याचे प्रमाण, भावना कशाच्या व किती, आणि तो कोणत्या अवस्थेत देऊ नये, एवढे आधी लिहून आणावे, असे मी त्याला सुचविले. पहिल्या दोन गोष्टी तो पुढच्या खेपेस घेऊन आला. तिसरीसाठी कंपनीकडे कागदच नव्हता.