स्कुबाचं जॅकेट घेताय? आधी पाठीवरचा डबा आठवा!

विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी मनातल्या मनात हात वर करा. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे पोरगं पोहायला शिकवायचं म्हणजे पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. डबा बुडू देत नाही. संपला विषय.

आजच्या एपिसोडचा विषय याच डब्याचा शहाणा भाऊ आहे: बीसीडी, म्हणजे स्कुबा डायव्हिंगचं हवा भरायचं जॅकेट. मी तारकर्लीला डायव्हिंग शिकलो आणि स्वतःचं जॅकेट घ्यायचं डोक्यात बसलं. बजेट वीस हजार. नारायणगावातून एसटीनं मालवण गाठायचं, म्हणून ते हलकंही हवं. तेवढ्यात मामेभाऊ म्हणाला, "दादा, जॅकेट आलं की तारकर्ली कशाला? डिंभ्यात उतरू. आजीचं गाव बघून येऊ."

आमची आजी जुन्या आंबेगावची. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यामुळे त्याचं बोलणं मला हसण्यावारी नेता येईना. त्याच्याकडे शेवटी येतोच, आधी जॅकेट समजून घेऊ.

विहिरीतला डबा फक्त वर ठेवतो. डायव्हरला तीन गोष्टी हव्या असतात: वर तरंगणं, खाली जाणं आणि मध्येच एका खोलीवर स्थिर राहणं. म्हणून बीसीडीत सिलिंडरमधून हवा भरता येते आणि सोडताही येते. शाळेतलं प्लावक बल आठवतंय? जॅकेटमध्ये १ लिटर हवा भरली की १ लिटर पाणी बाजूला सरतं आणि साधारण १ किलो उचल मिळते.

आता यातली गोम बघा. समुद्रात १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं जॅकेटमध्ये ५ लिटर हवा असेल आणि तुम्ही तशीच घेऊन वर आलात, तर ती फुगत फुगत १० लिटर होते. हवा फुगली की उचल वाढते, उचल वाढली की तुम्ही आणखी वेगानं वर येता. असं सुसाट वर येणं फुप्फुसांना आणि रक्ताला घातक असतं. म्हणजे या जॅकेटमध्ये हवा भरण्याइतकंच हवा *सोडणं* महत्त्वाचं. हे लक्षात ठेवलंत तर अर्धी खरेदी झाली समजा.

पहिला प्रश्न: घ्यायलाच हवं का? तारकर्ली-मालवणला पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. उरलेल्या महिन्यांत तुम्ही दोन-चार डाइव्ह करणार असाल, तर तिथलंच जॅकेट वापरा. पैसे आधी चेहऱ्याला नीट बसणाऱ्या मास्कवर घाला, मग डाइव्ह कॉम्प्युटरवर. बीसीडी त्यानंतर.

तरी घ्यायचंय? मग 'हलकं' म्हणजे काय ते बघू. नेहमीचं जॅकेट साधारण साडेतीन-चार किलोचं असतं, प्रवासी प्रकारातलं दोन ते तीन किलोचं. वजन कमी होतं ते पातळ कापड, कमी खिसे, प्लॅस्टिकच्या कड्या आणि कमी फोम यांमुळे. जाड फोम दुकानात मऊ मऊ लागतो, पण पाण्यात तो स्वतःच तरंगतो. त्याला बुडवायला कमरेला जास्तीचं शिसं लावावं लागतं. म्हणजे फोम कमी, तर बॅगही हलकी आणि कंबरही. इथं बिनधास्त वाचवा.

दुसरं, उचल किती हवी? जाहिरातीत मोठा आकडा दिसला की आपण भुलतो. साधा हिशोब करू. नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधल्या हवेचंच वजन सुमारे पावणेतीन किलो असतं. ३ मिलिमीटरचा सूट खोलवर दबला की त्याची एखाद-दोन किलो उचल जाते. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला आणखी चार-पाच किलो धरा. आपल्याकडच्या कोमट पाण्यात १० ते १५ किलोची उचल पुष्कळ झाली. आमच्याकडचा टोमॅटोचा भरलेला क्रेट २० किलोचा असतो, त्याहून कमीच. लेबलवर न्यूटन लिहिलं असेल तर १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो.

तिसरं, माप. जॅकेट पूर्ण फुगवून घालून बघा. छाती आवळून श्वास अडकत असेल तर लहान आहे. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते कानाशी येत असेल तर मोठं आहे. 'मित्रालाही होईल' म्हणून मोठं घेऊ नका.

आणि आता, जिथं एक रुपयाही वाचवायचा नाही ती जागा: व्हॉल्व्ह आणि इन्फ्लेटर. मी एक सेकंडहँड जॅकेट बघायला गेलो होतो. दिसायला नवं, किंमत बजेटात. इन्फ्लेटरचं बटण दाबलं, हवा भरली, बोट उचललं, तरी हवा भरतच राहिली! आत मिठाचे कण साचून बटण चिकटलं होतं. हेच पाण्याखाली झालं असतं तर? विकणारा म्हणाला, "धुतलं की होईल नीट." मी हात जोडले आणि निघालो.

म्हणून जुनं घेताना एवढं कराच. जॅकेट टम्म फुगवा आणि अर्धा तास ठेवा. सैल पडलं तर नको. भरलेलं असताना आणखी हवा भरा. सेफ्टी व्हॉल्व्हनं फुस्स करून ती बाहेर टाकली पाहिजे आणि नंतर घट्ट बंद झालं पाहिजे. खांद्यावरचा आणि मागं खालचा, दोन्ही व्हॉल्व्ह ओढून बघा. हलवून आत पाणी खळखळतंय का ऐका. सिलिंडरचा पट्टा ताणून बघा. आवडलं तरी पहिल्या डाइव्हआधी जाणकाराकडून सर्व्हिसिंग करून घ्या आणि तो खर्च किमतीतच धरा. नंतर दर वेळी आतून-बाहेरून गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा आणि थोडं फुगवून ठेवा.

आता मामेभावाकडे येऊ. त्याला वाटत होतं, जॅकेट आहे म्हणजे बुडणार नाही. मंडळी, बीसीडी हे लाइफ जॅकेट नाही. चांगलं लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंडही पाण्यावर ठेवायला बनवलेलं असतं. बीसीडी तशी खात्री देत नाही.

शिवाय डिंभे म्हणजे तारकर्ली नव्हे. गोडं पाणी हलकं, त्यामुळे समुद्रात लावलेल्या शिशातलं दोनेक किलो काढावं लागतं. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. ३०० मीटरच्या वर डायव्हिंगचे वेळेचे हिशोब बदलतात आणि त्याचं वेगळं शिक्षण असतं. पाणी गढूळ, मासेमारीची जाळी सोडलेली, तळाशी झाडांचे बुंधे आणि पडक्या भिंती. धरणाच्या दरवाज्यांकडची ओढ तर वरून दिसतही नाही. परवानगी जलसंपदा विभागाची लागते ती वेगळीच. यातलं काहीही वीस हजारांच्या जॅकेटनं सुटत नाही.

हे सगळं मी त्याला काठावर बसून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे आजीचं गाव नाहीच बघायचं?" मी म्हटलं, "बघू की. उन्हाळ्यात पाणी आटलं की आजीला घेऊन येऊ. कुठं काय होतं ते तीच दाखवेल."

जॅकेट मी अजून घेतलेलं नाही. मास्क घेतलाय. या हंगामात तो आणि मी दोघंही तारकर्लीला चाललोय, तिथलीच जॅकेटं घालून. हवा भरायला सगळ्यांनाच आवडतं मंडळी, सोडायला शिका. भेटू पुढच्या भागात!