देवांच्या सोबतिणी : रखुमाईचं वेगळं घर

  एका वाचक भगिनीचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या बाजूला ठेववेना. त्या विचारतात, आरतीत रखुमाई देवाच्या डावीकडे, आमच्या गावच्या देवळातही दोघं शेजारी. मग खुद्द पंढरपुरात ती वेगळी का?

पंढरीच्या गाभाऱ्यात विठोबा एकटाच. त्याच्या पायांवर डोकं टेकवून मागच्या अंगाला वळलं की रखुमाईचं देऊळ लागतं. तिला स्वतःचा गाभारा, स्वतःचा सभामंडप, आणि तीही कमरेवर हात ठेवून उभी. इथे बायकांची चाल मंदावते. पिशवीतून खण-नारळ निघतो, हिरव्या बांगड्या निघतात, देवीचं कुंकू आधी स्वतःला आणि मग घरी राहिलेल्या लेकीसुनांसाठी पुडीत बांधलं जातं.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसली, रुक्मिणीला पाहूनही उठली नाही. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव मागोमाग. चंद्रभागेकाठी लखुबाईचं देऊळ आहे, ती जागा हीच म्हणतात. गोष्ट गोड आहे, पण देवीचं सगळं वेगळेपण रुसव्यावर भागवणं मला पटत नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये दिंडीरवनातल्या या देवीचा आणि लोककथांतल्या पदूबाईचा माग काढला आहे. तो वाचल्यापासून मला वाटतं, ही मुळात इथलीच, आपल्या जागेची मालकीण. देवाशी नातं नंतर जुळलं आणि रुसव्याच्या कथेनं ते घट्ट केलं.

देवळाचा कारभार पाहिला की हे अधिकच पटतं. विठोबाकडे बडवे आणि त्यांच्या जोडीला सेवाधारी. रखुमाईकडे मात्र उत्पात. पुजारी घराणी वेगळी, हक्क वेगळे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे वंशपरंपरागत हक्क संपले, तोवर पिढ्यान् पिढ्या हीच वाटणी होती. देवाच्या संसारातली ही स्वतंत्र चूल आपल्याकडच्या अभ्यासकांनी म्हणावी तशी उलगडलेली नाही, याची मला फार रुखरुख आहे.

शिवाय तिला माहेर आहे, तेही नकाशावर बोट ठेवून दाखवता येणारं. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. तिथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला पायी येते. सदाराम महाराजांनी ती 1594 साली सुरू केली असं सांगतात. देहू-आळंदीच्या सोहळ्यांचं वर्णन आपण दरवर्षी वाचतो. पण ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या विठोबाच्या भेटीला निघतात आणि ही विदर्भातली वाट लेकीच्या सासरी जाते. माहेरची माणसं येतात ती साडीचोळी घेऊन.